जुनी पिकअप, पाच दिवस आणि उपाशी पंप

पहिला दिवस

बाबांची पिकअप आता २४ वर्षांची झाली, आणि ताईचं घरसामान पोचवायचं ठरलं तेव्हा ट्रक करायचा की आपलीच गाडी न्यायची यावर घरात फार चर्चा झालीच नाही, कारण बाबांनी किल्ली सरळ माझ्या हातात ठेवली. सोबत मावसभाऊ. मागे कपाट, पलंग, खोकी, वर ताडपत्री. तीन दिवसांचा रस्ता धरला होता, लागले पाच, आणि ते वरचे दोन दिवस कुठे गेले तेच सांगायला हे लिहितोय, कारण जुनी डिझेल गाडी ज्याच्याकडे आहे त्याला हा प्रकार आज ना उद्या भेटणार.

सपाटीवर गाडी मस्त पळाली. दुपारी पहिला मोठा चढ लागला आणि साधारण ४ किलोमीटर चढल्यावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असूनही गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी झाली. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, तरी इंजिन गळत गळत बंद. कडेला घेतली, चाकामागे दगड लावले. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर लगेच चालू! जणू काही झालंच नाही. पुन्हा पाच-सहा किलोमीटर, पुन्हा तोच प्रकार.

जुन्या डिझेलची पॉवर गेली की पहिला हात डिझेल फिल्टरलाच जातो, आमचाही गेला. नवा फिल्टर सोबत होता. जुना काढला, नवा बसवला, फिल्टरच्या डोक्यावरच्या प्रायमरने, म्हणजे बटणासारख्या छोट्या हातपंपाने, लाइनमधली एअर काढली, एवढं करता करता तासभर गेला. आणि त्यानंतर राहिलेला सगळा चढ गाडी एका दमात चढली. मावसभाऊ म्हणाला, "दादा, निघाला रोग." मलाही तसंच वाटलं. जुना फिल्टर कापून बघितला होता, आतला कागद बराच स्वच्छ होता, ही गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. पण गाडी चालतेय म्हटल्यावर कोण विचार करतंय.

रात्री मुक्कामाला गाडी चढावर, तोंड वर करून लावली.

दुसरा दिवस

सकाळी गाडी चालू होईना. सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरी ठणठणीत, सिलिंडर गरम करणारे हीटर प्लग तापतायत, पण इंजिन पकडत नाही. मावसभावाला सायलेन्सरजवळ उभं केलं. "दादा, धूर अजिबात नाही." हे महत्त्वाचं. सेल्फ फिरताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये, मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग तिकडे बघायचं. धूरच नसेल तर डिझेल सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या नोझलपर्यंत ते पोचतच नाहीये. प्रायमर वीस-पंचवीस वेळा दाबला, तो कडक झाला, सेल्फ मारला, गाडी दोनदा अडखळून चालू झाली. म्हणजे लाइनमध्ये एअर होती. काल फिल्टर बदलताना एअर नीट काढली नसेल असं आम्ही गृहीत धरलं आणि निघालो.

इथे जरा थांबून गाडीची रचना सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गाडीला नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा इंजेक्शन पंप रोटरी आहे, व्हीई जातीचा, आणि टाकीतून डिझेल ओढायला वेगळा फीड पंप नाही. इंजेक्शन पंपाच्या पोटातच एक छोटा पाकळ्यांचा पंप असतो, तोच टाकीपासून सगळं ओढतो. म्हणजे टाकीतली जाळी, तिथून चेसिसवरून येणारी नळी, मग फिल्टर, मग पंप, हा सगळा रस्ता ओढीखाली असतो. स्ट्रॉने पितो तसं. आणि स्ट्रॉला बारीक भोक पडलं तर काय होतं, बाहेर थेंब गळत नाही, आत हवा येते. हे वाक्य मी त्या दिवशी स्वतःशी म्हटलं असतं तर एक दिवस वाचला असता, कारण आम्ही दोघं गाडीखाली आडवे होऊन ओल शोधत होतो आणि सगळं कोरडं बघून खूश होत होतो!

नऊच्या सुमारास चढ सुरू झाला आणि पुन्हा तेच. यावेळी मिस्त्रीकाकांना फोन लावला, त्यांनी आता काम सोडलंय पण ही गाडी त्यांनी वीस वर्षं हाताळलीय.

"दम तुटतो तेव्हा धूर कुठला?"

"धूर नाही काका. काळा नाही, पांढरा नाही."

"मग एअर फिल्टर बघू नकोस. हवा कमी पडली असती तर काळा ओकला असता. तुझा पंप उपाशी राहतोय. मागे जा, टाकीकडे जा."

पंप उपाशी राहतोय, हा शब्द डोक्यात बसला. पण मागे जायच्या आधी माझ्या मनातली एक शंका मला फेडायची होती, ती म्हणजे नोझल. इंजिन चालू ठेवून आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करायचा. ज्या सिलिंडरचा नट सैल केला की आवाज बदलतो, इंजिन लंगडतं, तो सिलिंडर काम करतोय. ज्याने काहीच फरक पडत नाही तो आधीपासूनच झोपलेला. आमचे चारही जागे होते. हे करताना नटाभोवती जाड फडकं धरायचं, डोळ्यावर चष्मा, आणि हात किंवा बोट त्या फवाऱ्यासमोर कधीच न्यायचं नाही. त्या पाइपमध्ये १०० बारच्या वर दाब असतो, बारीक धार कातडी फोडून आत जाते, वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात कायमचा जाऊ शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी तसंच थेट दवाखाना. हे मी मनापासून सांगतोय.

मग टाकीचं झाकण. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की डिझेल जसं कमी होतं तशी टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला ओढायला जड जातं. झाकण उघडताना सुस्कारा आला की समजायचं. आमचं उघडलं, सुस्कारा नाही. तरी झाकण सैल ठेवून, वर फडकं बांधून पुढचे तीन किलोमीटर चढवले, फरक शून्य. हेही बाद.

संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी रबरी नळी काढून तिच्या जागी पारदर्शक नळी लावली. हे मी आता कायम गाडीत ठेवणार आहे, दोन फूट पुरते. इंजिन चालू केलं आणि टॉर्च मारला. पिवळसर डिझेलमधून बुडबुडे चाललेले. मोहरीएवढे, मध्येच एखादा वाटाण्याएवढा, एकामागे एक, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा रांग. आम्ही दोघं पाच मिनिटं नुसते बघत बसलो.

बुडबुडे दिसले म्हणजे एअर कुठूनतरी आत येतेय हे नक्की. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे बँजो बोल्ट (ज्यांच्या पोकळीतून डिझेल जातं ते) उघडले, तांब्याचे वॉशर जुने, दाबून दाबून कडक झालेले. नवे नव्हते. मग मिस्त्रीकाकांचीच जुनी युक्ती, गाडीपासून लांब, डिझेलचा वाससुद्धा नाही अशा ठिकाणी स्टोव्हवर वॉशर पक्कडीत धरून लालसर होईपर्यंत तापवायचे आणि पाण्यात टाकायचे. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मऊ होतं. मऊ वॉशर पुन्हा नीट बसतो. लावले, क्लिपा आवळल्या, एअर काढली. बुडबुडे निम्म्यावर आले. पूर्ण थांबले नाहीत. पण दिवस संपला होता आणि आम्हीही.

जागा अशी होती की गाडी उतारावर तोंड खाली करूनच लावावी लागली.

तिसरा दिवस

सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू. मावसभाऊ टाळ्या वाजवायला लागला. मीसुद्धा वॉशरलाच श्रेय दिलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला दुपारी कळलं, गाडीचं तोंड खाली होतं म्हणजे टाकी वर आणि इंजिन खाली, रात्रभर डिझेल मागे टाकीत उतरलंच नाही. त्याच्या आधीच्या रात्री तोंड वर होतं, त्यामुळे बारीक भोकातून हवा आत आली आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत गेलं. सकाळी नळी रिकामी. गाडी कुठल्या बाजूला तोंड करून लावली होती हा प्रश्न सकाळच्या स्टार्टिंगच्या रोगात पहिल्यांदा विचारायला हवा, आणि मला तरी आजवर कोणी विचारलेला नाही.

त्या दिवशी सगळ्यात लांब चढ होता. पारदर्शक नळी तशीच ठेवली होती. दम तुटायला लागला तशी गाडी कडेला घेतली पण इंजिन बंद नाही केलं, मावसभावाला म्हटलं रेस धरून ठेव, आणि बॉनेट उघडून बघतो तर ती पारदर्शक नळी चपटी झालेली! मधोमध दोन्ही बाजू आत ओढल्या गेलेल्या, आणि बुडबुडे आता मोठे, सलग.

इंजिन बंद करून प्रायमरचं बटण दाबलं. ते खाली गेलं आणि खालीच राहिलं. अंगठा काढला तरी वर येईना. मग अगदी हळू, डोळ्याला दिसेल न दिसेल असं, वर सरकायला लागलं. नुसती एअर असती तर बटण फुसफुस करत लगेच वर आलं असतं आणि कितीही दाबलं तरी कडक झालं नसतं. खाली अडकून बसतंय म्हणजे मागून डिझेल यायला वाटच नाही. मागे कुठेतरी बूच आहे. दहा मिनिटं थांबलो, पुन्हा दाबलं, बटण टुणकन वर. बूच आपोआप निघालं होतं!

आणि इथे तीन दिवसांचं सगळं एका झटक्यात जुळलं. टाकीत कचरा आहे. चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, कचरा जाळीला जाऊन चिकटतो, वाट बंद होते. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, कचरा सुटून तळाशी बसतो. पहिल्या दिवशी नव्या फिल्टरने काही केलंच नव्हतं, फिल्टर बदलायला जो तासभर लागला त्या तासाने गाडी बरी केली होती. आम्ही विश्रांतीचं श्रेय पार्टला दिलं.

बरं मग बुडबुडे? ते दुसरंच दुखणं. नळीला कुठेतरी बारीक चीर, जी एरवी थोडीशीच हवा घेते, पण मागे टाकीतली जाळी तुंबली की ओढ वाढते आणि तीच चीर भसाभसा हवा ओढायला लागते. एक रोग दुसऱ्याला खतपाणी घालतोय. सकाळचं स्टार्टिंग चिरेमुळे, चढावरचा दम जाळीमुळे, आणि आम्ही दोन्हींसाठी एकच कारण शोधत होतो म्हणून काहीच पूर्ण जुळत नव्हतं.

पण हा झाला अंदाज, सिद्ध करायला हवा. स्वच्छ २० लिटरचा कॅन होता, तो सामानाच्या पुढच्या बाजूला, केबिनच्या मागे पट्ट्यांनी करकचून बांधला. त्यातून नवी रबरी नळी सरळ फिल्टरच्या इनलेटला. आणि रिटर्नची नळीसुद्धा कॅनमध्येच परत, हे विसरायचं नाही, कारण रोटरी पंप जेवढं जाळतो त्याच्यापेक्षा बरंच जास्त ओढून परत पाठवतो, रिटर्न टाकीत सोडलं तर कॅन बघता बघता रिकामा होऊन पंप कोरडा पडतो. आणि या पंपाला वंगणही डिझेलचंच, कोरडा चालला की आतून खरडला जातो. नळ्या सायलेन्सरपासून लांब बांधल्या, कॅनच्या झाकणाला हवेची वाट ठेवली, आणि हळू चालवली. हे डिझेल आहे म्हणून केलं, डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, पेट्रोलपेक्षा बराच वर असतो, पेट्रोलचा शून्याच्या कितीतरी खाली. पेट्रोलच्या गाडीत हा प्रयोग कोणी चुकूनही करू नये.

उरलेला सगळा घाट, १४ किलोमीटर, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये न थांबता चढली. सामानासकट. खिडकीतून तो भरल्या इंजिनचा घुमणारा आवाज ऐकताना मला बाबा आठवले, ते नेहमी म्हणतात की गाडी आवाजातून बोलते. वर पोचल्यावर नळीत टॉर्च मारला, एकही बुडबुडा नाही. म्हणजे पंप चांगला, फिल्टर चांगला, नोझल चांगले. दोन्ही रोग टाकी ते फिल्टर या टप्प्यात. अर्ध्या तासाच्या या कामाने निम्मी गाडी संशयातून मोकळी झाली, आणि हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, फिल्टरला हात लावायच्या आधी. पंप उतरवून सर्व्हिसला द्यावा असं दुसऱ्या दिवशी माझ्या मनात येऊन गेलं होतं, तो विनाकारण उघडला गेला असता.

चौथा दिवस

घाटमाथ्यावर सपाट, मोकळी जागा मिळाली. ताईला फोन करून सांगितलं की आजचा दिवस धरू नकोस. ती म्हणाली सावकाश या, घाई काहीच नाही.

टाकीतलं डिझेल कॅनमध्ये उतरवलं. शेवटचं दोन लिटर वेगळं धरलं, त्यातलं एका काचेच्या बाटलीत भरून डॅशबोर्डवर ठेवून दिलं. डिझेलची पातळी मोजणाऱ्या फ्लोट युनिटचे स्क्रू काढून ते जपून बाहेर ओढलं, त्याच्याच बाजूला डिझेल ओढायची नळी आणि टोकाला जाळी. जाळी दिसतच नव्हती. काळपट, बुळबुळीत, शेवाळासारखा थर, बोटाने ओढला तर सालीसारखा सुटला. हे नुसता गंज नाही. टाकीत पाणी साचलं की पाणी जड म्हणून तळाला बसतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या रेघेवर जंतू वाढतात, त्यांचाच हा चिखल. पाणी बाहेरूनच यायला हवं असं नाही, टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंब होऊन खाली उतरते. बाबांची गाडी गेली दोन वर्षं बहुतेक उभीच आहे. मला वाईट वाटलं, गाडीच्या वयाला दोष देत होतो आणि तिला खरा त्रास उभं राहून झाला होता.

जाळी डिझेलमध्ये मऊ ब्रशने साफ केली. टाकी थोड्या थोड्या डिझेलने तीनदा खंगाळली, तिसऱ्या वेळचं जवळजवळ स्वच्छ निघालं. खराब डिझेल जमिनीवर नाही ओतलं, बंद कॅनमध्ये सोबत घेतलं.

आता चीर. ओढीखाली असलेली नळी आत हवा घेते, बाहेर गळत नाही, मग तिला उलटं करू, आतून दाब देऊ. कॅन पुन्हा वर बांधला, यावेळी त्याची नळी टाकीकडच्या टोकाला जोडली, फिल्टरकडचं टोक बुचाने बंद केलं. आता उंचावरच्या डिझेलचं वजन सगळ्या नळीवर. गाडीखाली शिरलो, सगळी नळी कोरड्या कागदाने पुसली आणि वाट बघितली. वीसेक मिनिटांनी मावसभाऊ ओरडला, "दादा, इथे!" चेसिसच्या आडव्या पट्टीवरून जिथे लोखंडी पाइप संपून रबरी तुकडा सुरू होतो, तिथे क्लिपच्या अगदी काठाला एक थेंब. तोही धड थेंब नाही, नुसती चमक. कागद लावला की डाग यायचा. क्लिप सोडून तो तुकडा हातात वाकवला तर वाळल्या चिखलाला पडतात तशा भेगा, केसाएवढ्या, सरळ नळीत असताना मिटलेल्या, वाकवल्या की उघडणाऱ्या. बाहेरून बघून हजार वेळा पास केला असता.

कॅनच्या प्रयोगासाठी आणलेली ८ मिलिमीटरची नवी नळी होतीच, तिचा तुकडा कापून तिथे बसवला, नव्या क्लिपा. फिल्टर दुसऱ्यांदा बदलला, कारण तीन दिवसांचा चिखल त्याच्याच पोटात गेला असणार. सगळं जोडून प्रायमर मारला, अकराव्या दाबाला कडक. इंजिन चालू करून पारदर्शक नळीत बघितलं, सुरुवातीला दोन-चार बुडबुडे, मग स्वच्छ पिवळी काडी. नळी आहे की भरीव काच आहे कळेना.

संध्याकाळी बाटली बघितली. वर डिझेल, तळाला बोटभर गढूळ पाणी, मध्ये करड्या रंगाची पातळ रेघ.

रात्री गाडी मुद्दाम चढावर लावली, तोंड वर.

पाचवा दिवस

सकाळी मी किल्ली मावसभावाच्या हातात दिली. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबला, किल्ली फिरवली, इंजिनने अर्धा फेरासुद्धा मागितला नाही.

वाटेत दोन चढ होते, दोन्ही सहज. शंभर किलोमीटरवर थांबून फिल्टरखालचा ड्रेन सैल करून थोडं डिझेल दुसऱ्या बाटलीत काढलं, टाकी खंगाळून उरलेलं काही पुढे आलंय का बघायला. दुपारी तीनला ताईच्या दारात. कपाट उतरवताना तिने विचारलं की डॅशबोर्डवर या दोन बाटल्या कसल्या. मी दोन्ही उन्हात धरून दाखवल्या. एकीत ती करडी रेघ तशीच, दुसरीत तळापर्यंत आरपार दिसत होतं. बाबांना दोन्हींचा फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, पहिला प्रश्न, "टाकी आता भरून ठेवलीस का?"

भरायची राहिली होती. सामान अर्धं उतरलेलं तसंच ठेवून आधी टाकी फुल करून आलो.